बारा घोडे, बारा विमानं

आमच्या घरात दरवर्षी जत्रेच्या आधी महिनाभर बारा घोडे राहायला यायचे. लाकडी होते, पण आई त्यांना पाहुण्यांसारखं वागवायची. सोप्यात ते ओळीनं उभे राहिले की आम्हाला अंथरूण टाकायला जागा उरायची नाही, तर ती आम्हालाच मागच्या परड्यात झोपायला पाठवायची. दिवसभर चुलीच्या कडेला लाकूड जोडायचा सरस शिजत असायचा आणि त्याचा उग्र वास भाकरीलासुद्धा लागायचा. खर्डा, भाकरी, ताक आणि सरसाचा वास, हे आमचं त्या महिन्याचं जेवण. बाहेरून वारा आला तर त्यात तंबाखू मिसळायची, कारण आमच्या बोरगावाच्या भोवतीनं तेव्हा सगळीकडं तंबाखूच होती. अजूनही कुठं सरस तापलेला असला तर मला भूक लागते. माझ्या निपाणीच्या दुकानात आता सगळं डब्यातल्या पांढऱ्या चिकटीनं होतं. कामगारांना हे सांगितलं तर ते एकमेकांकडं बघतात.

घोडे दत्तूअण्णांच्या पाळण्याचे. मधे एक जाड खांब, त्याच्या माथ्यावर फिरणारं चाक, चाकाला बारा दांडे आणि प्रत्येक दांड्याला सळ्यांनी टांगलेला एक घोडा. चार गडी हातानं ढकलायचे. माझ्या जन्माआधी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते घोडे फणसाच्या भरीव ओंडक्यांतून कोरले होते. जत्रा संपली की दत्तूअण्णा पाळणा घेऊन गावोगाव हिंडायचे आणि वर्षानं कान तुटलेले, रंग उडालेले घोडे परत आमच्या दारात आणून उभे करायचे. आप्पा कान जोडायचे, पाय ठोकायचे, रंग द्यायचे. डोळे मात्र मी काढायची. सात वर्षांची असल्यापासून ते काम माझं होतं. डोळे सगळ्यात शेवटी, असा आप्पांचा नियम होता. आधी डोळे काढले तर खिळा मारताना घोडा आपल्याकडं बघतो, असं ते म्हणायचे. चोवीस डोळे व्हायला मला एक दिवस लागायचा. त्या दिवशी घरात कुणी मला पाणी आणायला सांगत नसे.

लाकडाच्या कामात पोरींना एवढंच. पटाशी, रंधा, वाकस यांना मी हात लावलेला आप्पांना चालायचा नाही. रागवायचे नाहीत, हातातून काढून घ्यायचे. माझं दुसरं काम उंबऱ्यावरचं. आप्पा मऊ माणूस. गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की ते स्वतःच भाव खाली आणायचे. हे मी लहानपणापासून बघत होते, आणि बारा-तेरा वर्षांची झाल्यावर एकदा मधे पडले. नांगर न्यायला आलेला माणूस म्हणाला, "पोरीच्या जातीनं मधी बोलू नगं." मी भुश्याचं घमेलं उचलून त्याच्या धोतरावर ओतलं. तो ठरलेल्या भावात नांगर घेऊन गेला. त्या दिवसापासून आप्पा काम करायचे आणि सौदा मी करायची. माझा राग तेव्हापासून घराच्या उपयोगाचा झाला.

मग वसंता आला. आत्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बेळगावला वडगावात आत्याच्या घरी माग होते. त्या खडखडाटात याचं लक्ष लागेना, म्हणून आत्यानं त्याला भावाकडं धाडला. पहिल्याच आठवड्यात त्यानं आईला ताकाची रवी करून दिली. साधी रवी, पण तिच्या दांड्यावर त्यानं ज्वारीचं कणीस कोरलं होतं, दाणा न् दाणा वेगळा. आईनं ती गल्लीभर फिरवली. आप्पांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि काही बोलले नाहीत. न बोलणं ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी होती. मला ती तोवर एकदाही मिळाली नव्हती. मी ताक प्यायचं सोडलं. पोटात गडबड आहे असं सांगितलं. एका अर्थानं ते खरंच होतं.

शिवाय घरात सगळे धरूनच चालले होते की मामाची मुलगी आणि आतेभाऊ, म्हणजे जोडी ठरलेलीच. आई त्याला वाढताना "जावाय आमचा" म्हणून हसायची. तो खाली मान घालून जेवायचा. मला कुणी विचारलं नव्हतं. मला नवरा नको होता असं नाही; मला ते कामाचं ठिकाण पाहिजे होतं, खिडकीखालचं, जिथं उजेड पडतो. त्यानं माझ्याशी लग्न केलं असतं तर ती जागा त्याला मिळाली असती, आणि नसतं केलं तरी त्यालाच.

एके वर्षी दत्तूअण्णा घोड्यांबरोबर आले, पण घोडे गाडीतून उतरवेनात.

"मेस्त्री, घोडं आता पुरं झालं," ते म्हणाले. "सांगलीकडं इमानाचा पाळणा आलाय. पोरं रांगा लावत्यात. माझ्या घोड्यावर आता म्हाताऱ्याच बसणार. पत्र्याची इमानं करून घेतो म्हनतोय."

"बरं," आप्पा म्हणाले. आपणच कोरलेल्या बारा घोड्यांविषयी हा माणूस एवढंच बोलला.

मी उंबऱ्यावर होते. "अण्णा, पत्रा उनात तापला की पोरांच्या मांड्या भाजत्यात. मग त्येंच्या आया तुमच्या अंगावर येतील."

"मग काय करू म्हनतीस?"

"लाकडाची करा. आमच्यातच करा. आन् जुनं घोडं आमच्याकडं ऱ्हायचं."

"घोडं कशाला गं तुला? वैरण घालणार हैस?"

"ते माझं मी बघती."

अर्धा दिवस मी त्यांना सोडलं नाही. शेवटी ते हसत उठले आणि म्हणाले, "मेस्त्री, तुमच्या पोरीला बेळगावच्या कोर्टात बसवा." काम आमच्याकडं आलं. बारा विमानं. एवढं मोठं काम आमच्या घरात तोवर आलं नव्हतं आणि ते मी आणलं होतं. आता तरी आप्पा म्हणतील, शाले, ये, एक विमान तू कर, असं मला वाटलं. आप्पांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "वसंता, तू बघ." वसंतानं खडू घेऊन फळीवर विमान काढलं. सांबऱ्याच्या विमानतळावर जाणारी विमानं त्यानं वडगावात असताना रोज बघितली होती. त्याला ते पाठ होतं.

मी विचारलं, "मग डोळं?"

आप्पा म्हणाले, "इमानाला डोळं नसत्यात गं."

त्यांना माझं मन दुखवायचं नव्हतं. त्यांनी नुसतं खरं सांगितलं. पण मी आत जाऊन रंगाचा कुंचला चुलीत घातला.

गावात ही बातमी आठवड्यात पसरली आणि मग जे सुरू झालं ते मी एकटीनं केलं असं म्हणता येणार नाही. विड्या वळत बसलेल्या बायकांना अचानक घोड्यांचं सगळं आठवायला लागलं. एक म्हणे, माझा थोरला त्या पांढऱ्या घोड्यावर पहिल्यांदा हसला. दुसरी म्हणे, पांढऱ्या नव्हं, तांबड्या, आणि त्यावरून दोघींचं भांडण लागलं. कधीच पाळण्यात न बसलेली माणसं सर्वांत जास्त हळहळत होती. भाजीवाली गंगव्वा रोज आमच्या दारात पाटी टेकून विचारायची, "कुदरी यल्ली होदवु?" घोडे कुठं गेले, म्हणून. मी तिला आत नेऊन भिंतीकडेला झाकून ठेवलेले घोडे दाखवायची आणि ती त्यांच्या तोंडावरून हात फिरवून, कांदे तिथंच विसरून जायची. शाळेचे गुरुजी म्हणाले, काळाबरोबर जायला पाहिजे. तरुण पोरं गुरुजींच्या बाजूनं होती, पण तालमीतल्या एकानं शपथ घेतली होती की घोडे गेले तर तो जत्रेला येणार नाही. तो आला, आणि विमानात सर्वांआधी बसायला रांगेत उभा होता.

माझ्या हातात मात्र एक गोष्ट होती आणि ती मला लगेच दिसली. आमच्या जत्रेत पाळण्याचा पहिला फेरा त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेचा असायचा. बारांतले दोन घोडे एका फळीनं जोडलेले होते, त्यांना जोडीचे घोडे म्हणायचे. नवरा-बायको शेजारी शेजारी बसायचे, बायकोनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि ती नाव घेईपर्यंत गडी पाळणा ढकलायचे नाहीत. सगळं गाव ते ऐकायला उभं असायचं. आणि वसंताच्या विमानात एकच माणूस मावत होता. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो बाहेरचा. आप्पांच्या लक्षात आलं नाही, कारण ते जत्रेत कायम देवळाकडं रथाशी असायचे. माझ्या लक्षात पहिल्या दिवशी आलं आणि मी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षीची नवी सून रत्ना, येळ्ळूरहून आलेली. साधी, भोळी. मी पाणवठ्यावर तिच्या शेजारी कळशी ठेवली आणि म्हणाले, "रत्नावयनी, जोडीनं बसायला मिळाल्याबिगर नाव घिऊ नगासा. आमच्या गावात ते वंगाळ धरत्यात." असं काहीही गावात धरत नव्हते. ते मी तिथं कळशी भरता भरता तयार केलं. संध्याकाळपर्यंत तिच्या सासूनं ते दहा घरी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मलाच सांगायला आली की पूर्वी कुणीतरी एकटीनं नाव घेतलं होतं तर काय काय झालं.

जत्रेच्या सकाळी पाळणा उभा राहिला. मी आतापर्यंत पुष्कळ सुतारकाम बघितलं आहे, विकलं आहे, नावं ठेवली आहेत. पण त्या विमानांत मला नाव ठेवायला जागा सापडली नाही. सावरीच्या हलक्या लाकडाची, आतून पोकळ, निळे पंख, तांबडं नाक, आणि नाकावर एक पातळ पंखा जो वाऱ्यानं आपोआप फिरायचा. पोरं नुसती त्या पंख्यांकडं बघत उभी होती. आप्पा रथाकडं जाता जाता थांबले, एका पंख्याला बोट लावलं आणि काही न बोलता पुढं गेले.

रत्नाला आणून विमानात बसवलं, तिच्या नवऱ्याला पुढच्या विमानात.

"नाव घ्या वयनी," गडी म्हणाले.

रत्नानं मान खाली घातली. तिची सासू पुढं आली. "न्हाई घ्यायची. नवरा म्होरं उडतोय, बायकू मागनं उडतीया, ह्यो कसला संसार?"

"काकू, दोगं एकाच गावाला उतरणार हैत की," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण रत्ना हलली नाही आणि गडीही हलले नाहीत. नाव घेतल्याशिवाय त्यांनी कधीच पाळणा ढकलला नव्हता. ऊन चढायला लागलं. पोरं रडायला लागली. बायका म्हणायला लागल्या, घोडे आणा. दत्तूअण्णा टोपीनं घाम पुसत माझ्याजवळ आले. "शालन, तूच कर बाई कायतरी."

याचीच मी वाट बघत होते. "जोडीचं दोन घोडं लावा," मी म्हणाले. "घरात हैत. आत्ता आणती. बाकीची इमानं ऱ्हाऊ द्यात."

वसंता हातात पाना घेऊन पाळण्याखालून बाहेर आला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण तो भांडला नाही. म्हणाला, "दोन लावलं तर समोर बी दोन लावाय पायजेत. घोडं भरीव हैत. तोल जाईल."

"चार काढल्यावर माझी इमानं ऱ्हात्यात किती?" दत्तूअण्णा म्हणाले. "लोक म्हनतील निम्मं जुनं निम्मं नवं. एक बी न्हाई काढणार, न्हाईतर दोन."

वसंता माझ्याकडं वळला. "शालन, चार. न्हाईतर नगंच."

मी सुताराची मुलगी. तोल म्हणजे काय ते मला तो यायच्या आधीपासून माहीत होतं. पण तो सगळ्या गावासमोर मेस्त्रीसारखा बोलत होता, आणि गाव त्याचं ऐकत होतं, आणि सौदा माझा होता. एकजण बारा म्हणतो, दुसरा शून्य म्हणतो, मधे कुठंतरी थांबायचं, हे माझं काम. लाकूड मधे कुठंतरी थांबत नाही.

"दोनच," मी म्हणाले. "ठरलं."

वसंतानं आपल्या हातानं दोन विमानं उतरवली. हातगाडीवरून घोडे आले, टांगले, वर फळी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या; गंगव्वानं घोड्यांच्या पायांवर पाणी घातलं. रत्ना नवऱ्याशेजारी बसली आणि लाजत म्हणाली, "तंबाखूच्या रानावरनं वारं येतंय गार, अशोकरावांचं नाव घेती, पाळणा फिरू द्या चार." गड्यांनी ढकललं. एक फेरा नीट झाला. दुसऱ्या फेऱ्याला वेग आला आणि खांब कण्हल्यासारखा वाजला. घोड्यांची बाजू खाली, समोरची विमानं वर. खांबाच्या बुडाची माती फुटली. गड्यांनी दांडे धरले, रत्ना ओरडली, तिच्या नवऱ्यानं तिला घेऊन उडी मारली. दोघंही सुखरूप होती. खांब मात्र पोरांच्या घोळक्याकडं कलत होता. वसंता खाली शिरला आणि बुडाच्या दगडाच्या फटीत पाचर कोंबायला लागला. पाचर बसली. त्याच झोक्यात खांब मागं आला आणि वसंताचा उजवा हात खांब आणि दगडामधे सापडला.

निपाणीच्या दवाखान्यात तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. आप्पा पहिले तीन दिवस वसंताच्या खाटेशी बसून राहिले, घरी आलेच नाहीत. आई त्याला हातानं भरवायची. मी दारात उभी राहून ते बघत होते, आणि आता खोटं कशाला लिहू, मला तेव्हाही हेवा वाटत होता. माझ्यासाठी आप्पा असे कधी बसतील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. माझ्याच सौद्यानं तो हात गेला हे माहीत असताना आला.

मला कुणी दोष दिला नाही. दत्तूअण्णा म्हणाले जमीन भुसभुशीत होती. बायका म्हणाल्या गावाला दृष्ट लागली. दवाखान्यातून आल्यावर, जत्रा संपायच्या आत, आप्पांनी खांब पुन्हा रोवला आणि बाराच्या बारा विमानं लावली. पुढच्या वर्षी नव्या सुना मागच्या विमानातून पुढच्या विमानातल्या नवऱ्याचं नाव ओरडून घ्यायला लागल्या, आणि दोन वर्षांत हीच आमच्या गावची जुनी पद्धत आहे असं लोक पाहुण्यांना सांगू लागले. घोड्यांची आठवण गंगव्वाखेरीज कुणी काढली नाही.

महिन्याभरानं आप्पांनी खिडकीखालच्या पाटावर पटाशी ठेवली आणि मला म्हणाले, "बस." एवढंच. मला पाहिजे होती ती जागा मला अशी मिळाली. वसंता हात गळ्यात बांधून शेजारी स्टुलावर बसायचा आणि मला सांगायचा: पटाशी आडवी धर, शिरा बघ, घाई करू नगं. चार महिने त्यानं मला शिकवलं. त्या चार महिन्यांत तो त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नाही. मी मुद्दाम चुका करायची, त्यानं चिडावं म्हणून. तो परत सांगायचा. मग तो वडगावला गेला. वर्षभरानं आप्पा लग्नाचं विचारायला गेले, तर तो म्हणाला, "नगं, मामा." कारण सांगितलं नाही. मी रात्रंदिवस चरफडले. नकार द्यायचा होता तर तो मी देणार होते.

पुढं आप्पा गेले, मी निपाणीत स्वतःचं दुकान काढलं, ते वाढलं. वसंता डाव्या हातानं साड्यांच्या काठांची नक्षी काढायला लागला होता. वडगावच्या साड्या बघताना बायका म्हणायच्या, हा काठ वसंतरावांचा. मी तसली साडी कधी घेतली नाही.

एकदा दुपारी तो दुकानात आला. नवीन लग्न झालं होतं, बायकोसाठी कपाट पाहिजे होतं. मी चहा मागवला. तो कपाटांची दारं डाव्या हातानं उघडून बघत होता. इतक्या वर्षांनी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वसंता, त्या दिवशी मी तुझं ऐकलं न्हाई."

तो दार लावत म्हणाला, "ऐकलंस. ऐकून न्हाई म्हणालीस."

आवाजात राग नव्हता. मला तेच सहन झालं नाही. त्यानं नवं कपाट करून घ्यायचा भाव विचारला. आमच्या धंद्यात पहिला भाव हा भाव नसतो. तो समोरच्यानं खाली ओढण्यासाठी सांगायचा असतो, आणि आमच्या उंबऱ्यावर चार वर्षं काढलेल्या वसंताला हे माझ्याइतकंच माहीत होतं. मी दुप्पट सांगितला. त्यानं खाली मागावं, मी आणखी खाली यावं, त्यानं आणखी मागावं, आणि शेवटी मी म्हणावं, ने, काही देऊ नको, असं माझ्या मनात होतं. त्यानं खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले. सगळे. चहा संपवला आणि उठला.

मी ते पैसे घेतले. परत द्यायला त्याच्या मागं रस्त्यावर गेले नाही. कपाट मात्र कामगारांना करू दिलं नाही. पंधरा दिवस रोज रात्री दुकान बंद झाल्यावर बसून स्वतः केलं. कपाट वडगावला पोचल्यावर त्याच्या बायकोनं कुणाकडून तरी निरोप पाठवला, की दारं फार छान लागतात, आवाजसुद्धा येत नाही. वसंतानं काही कळवलं नाही.